जालना निजामाकडे कसं गेलं? असईच्या लढाईची आणि शेजाऱ्यांची गोष्ट

दुपारची भाकरी झाली असेल, हातात काही निवडायला असेल, तर ते निवडता निवडता ऐका.

आजचा विषय माझ्या डोक्यात घातला तो आमच्या गटातल्या एका मावशीनं. मासिक बैठकीत बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले, आणि मावशीनं पदराच्या गाठीतून एक घडी केलेला कागद काढला. सासऱ्याच्या वडिलांच्या नावचं जमिनीचं जुनं खत होतं ते. मावशीला वारसनोंद करायची आहे. कागद हातात घेतला तर सगळा उर्दूत. मावशी म्हणाली, "ताई, तू बीए झालेली, वाचून दाखव." मी कसली वाचणार! मला अलिफ-बेसुद्धा येत नाही. मग तिनं दुसरा प्रश्न विचारला. "आपण मराठी बोलतो, आपले बापजादे मराठी बोलायचे, मग आपला कागद उर्दूत कसा?"

एकजण म्हणाली, निजामाचं राज्य होतं म्हणून. बरोबर आहे. निजामाच्या राज्यात कारभार आधी फारसीत चालायचा, 1880 नंतरच्या दशकात तो उर्दूत आला. पण मावशी सोडते का? "मग तिकडं देऊळगाव राजाला, सिंदखेडराजाला निजाम नव्हता. माझं माहेर तिकडचं. तीस-चाळीस किलोमीटरवर राज्य बदलतं कसं?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेले आणि थेट पोचले आपल्याच जिल्ह्यातल्या असई गावी, 1803 सालात. भोकरदन-जाफराबादच्या पट्ट्यात केळणा आणि जुई या नद्या जिथं एकमेकींना भेटतात, तिथलं हे गाव. लंडनच्या पुस्तकांत या गावाचं नाव आहे. आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे?

आधी भांडण घरातलं

लढाई समजायची तर आधी भांडण समजलं पाहिजे. त्या काळी दख्खनमध्ये मोठे शेजारी पाच-सहा होते. पुण्याला पेशवे. ग्वाल्हेर-उज्जैनकडे शिंदे. इंदूरला होळकर. नागपूरला भोसले. बडोद्याला गायकवाड. आणि हैदराबादला निजाम. पहिले पाच मराठा सत्तेतलेच, म्हणजे एका गटाचे सभासद म्हणा. निजाम सख्खा शेजारी. आणि या सगळ्यांवर नजर ठेवून होती इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी. तिची मोठी ठाणी कलकत्ता, मद्रास आणि मुंबईला.

1795 साली खर्ड्याला लढाई झाली. खर्डा म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यातलं. सगळे मराठा सरदार एक होऊन निजामावर गेले आणि जिंकले. निजामाला मुलूख आणि पैसा द्यायचं कबूल करावं लागलं. आपल्याकडे त्या विजयाचं कौतुक आहे आणि ते असायला हरकत नाही. पण त्या दिवशी निजामाच्या मनात काय आलं असेल ते बघा. शेजाऱ्यानं मारलं, आता हा पुन्हा येणार. मग तो लांबच्या बलवानाकडे गेला. 1798 मध्ये त्यानं कंपनीशी करार केला.

करार कसला, तर तैनाती फौजेचा. हा शब्द शाळेत घोकला होता, अर्थ कळला तो गटाचं काम करताना. कंपनी म्हणायची, तुमच्या राज्यात आमची फौज ठेवतो, ती तुमचं रक्षण करील. पगार तुम्ही द्यायचा. दुसऱ्या राजांशी परस्पर बोलणी करायची नाहीत, आम्हाला विचारायचं. म्हणजे दारात राखणदार आपल्या पैशानं, पण तो हुकूम मानणार सावकाराचा. आणि पगार थकला की मुलूख तोडून द्यायचा. निजामानं दोनच वर्षांत, 1800 साली, टिपू सुलतानाच्या पाडावानंतर वाट्याला आलेला मुलूख फौजेच्या खर्चापोटी कंपनीला देऊन टाकला.

इकडे मराठ्यांच्या घरात भावकी पेटलेली. 1801 मध्ये पुण्यात विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी देऊन मारलं. त्यांचा भाऊ यशवंतराव चिडून पुण्यावर आला आणि ऑक्टोबर 1802 मध्ये त्यानं पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेला हरवलं. दुसरा बाजीराव पळाला तो वसईला, इंग्रजांच्या आसऱ्याला. 31 डिसेंबर 1802 ला वसईचा तह झाला. पेशव्यानंही तैनाती फौज घेतली आणि तिच्यासाठी 26 लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख लिहून दिला. मे 1803 मध्ये कंपनीच्या फौजेनं त्याला पुण्यात आणून गादीवर बसवलं.

घरात भांडण झालं म्हणून एकानं सावकाराला घरात आणून बसवलं, असं हे झालं. शिंदे आणि भोसले म्हणाले, आम्हाला न विचारता केलेला तह आम्ही मानत नाही. ते फौजा घेऊन निजामाच्या सरहद्दीवर आले. कंपनी म्हणाली, मागे फिरा. ते म्हणाले, आधी तुम्ही फिरा. शेवटी ऑगस्ट 1803 मध्ये कंपनीनं युद्ध पुकारलं आणि अहमदनगरचा किल्ला घेतला. 2 सप्टेंबरला कंपनीच्या कर्नल स्टीव्हन्सननं आपलं जालना घेतलं.

असईचा दिवस

23 सप्टेंबर 1803. कंपनीच्या फौजेचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. सोबत पेशव्यांचे आणि म्हैसूरचे घोडेस्वारही होते, हे विसरू नका. समोर शिंदे आणि भोसले यांची कितीतरी मोठी फौज आणि नामी तोफखाना. मध्ये केळणा नदी.

वेलस्लीला नदी ओलांडायची होती. वाटाडे म्हणाले, इथं उतार नाही. त्याला मात्र दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं दिसली. त्यानं ताडलं, इतकी जवळ दोन गावं आहेत, तर त्यांच्यात येणं-जाणं असणारच, म्हणजे उतारही असणार. तो होताच.

हे वाचलं तेव्हा मी थांबलेच. तो उतार कुणी पाडला असेल? लेकी-सुना, बाजारहाट, एका काठावर माहेर आणि दुसऱ्यावर शेत, अशी ये-जा करणाऱ्यांनीच ना? नदीतली ती वाट सोयरिकीची. त्या दिवशी तिच्यावरून तोफा गेल्या.

लढाई भयंकर झाली. कंपनीचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारावर. शिंदे-भोसले यांच्याकडचे त्याहून कितीतरी जास्त. शिंद्यांच्या शंभराच्या आसपास तोफा गेल्या. हाच वेलस्ली पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि 1815 मध्ये त्यानं वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. म्हातारपणी त्याला विचारलं, तुमची सगळ्यात सरस लढाई कोणती? त्यानं वॉटर्लू सांगितलं नाही, असई सांगितलं.

पण गावांचं काय झालं? सप्टेंबरची अखेर म्हणजे बाजरी कणसात आलेली. हजारो घोडे, बैल, हत्ती जिथं तळ देतात तिथं चारा उरत नाही, कणगीत दाणाही उरत नाही. फौजांना धान्य पुरवायचे ते बंजाऱ्यांचे तांडे, हजारो बैलांवर गोण्या लादून. ते धान्य कुठून तरी उचललेलंच असायचं. 1803-04 मध्ये दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. पाऊस कमी झाला हे एक कारण, आणि फौजांनी व लुटारूंनी मुलूख ओरबाडला हे दुसरं.

शेजाऱ्यांनी काय केलं?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. एखादी मोठी सत्ता लढाई करते तेव्हा आजूबाजूचे तिच्याशी कसे वागतात? 1803 मध्ये आपल्याला सगळे नमुने बघायला मिळतात.

पहिला नमुना, बलवानाच्या मागे उभं राहणं. निजाम कंपनीसोबत राहिला आणि त्याला बक्षीस मिळालं, ते पुढं सांगते. गायकवाडही 1802 पासूनच कंपनीच्या छत्राखाली गेले होते.

दुसरा नमुना, बाजूला उभं राहून बघणं. यशवंतराव होळकरांनी तेच केलं. शिंद्यांशी जुनं वैर, मग त्यांची जिरली तर जिरू दे, असं मनात असेल. शिंदे-भोसले हरले आणि 1804 मध्ये पाळी आली होळकरांची. ते शूर होते, कर्नल मॉन्सनच्या फौजेची त्यांनी दाणादाण उडवली. पण आता सोबतीला कोण? ते मदत मागत पंजाबात रणजितसिंहापर्यंत गेले. रणजितसिंहानं सावध होऊन हात आखडता घेतला आणि 1806 च्या सुरुवातीला कंपनीशी तह केला. त्याआधीच, डिसेंबर 1805 मध्ये, होळकरांना राजघाटचा तह करावा लागला होता.

तिसरा नमुना, आधी मान तुकवून मग उलटणं. भरतपूरच्या जाट राजानं 1803 मध्ये कंपनीशी तह केला, आणि पुढच्या वर्षी होळकरांना किल्ल्यात आसरा दिला. 1805 च्या सुरुवातीला कंपनीनं भरतपूरच्या किल्ल्यावर चार हल्ले केले, चारही फसले. तरी शेवटी राजाला दंड भरून तह करावाच लागला. जिंकूनही एकटा किती दिवस लढणार?

चौथा नमुना एका बाईचा. मेरठजवळच्या सरधन्याची बेगम समरू, स्वतःची फौज बाळगणारी जहागीरदारीण. तिच्या पलटणी असईला शिंद्यांच्या बाजूनं होत्या. पण त्याच महिन्यात कंपनीनं दिल्ली घेतली आणि बेगमेची जहागीर चारही बाजूंनी कंपनीच्या मुलखात सापडली. तिनं हिशेब केला, बोलणी केली आणि आपली जहागीर हयातभर आपल्याकडे राहील असं कबूल करून घेतलं. 1836 मध्ये ती वारली आणि जहागीर कंपनीनं घेतली. कुणी म्हणेल बाई पलटली. मी म्हणते, दोन आगींच्या मध्ये तीस वर्षं तिनं आपलं घर राखलं. तुमचं मत वेगळं असू शकतं, बैठकीत जरूर बोला.

पाचवा नमुना, पश्चात्ताप. ज्या पेशव्यानं कंपनीला घरात आणलं त्यालाच पुढं तिचा जाच झाला. नोव्हेंबर 1817 मध्ये तो खडकीला लढला, हरला आणि 1818 मध्ये शरण आला. वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर त्याला गंगाकाठी बिठूरला पाठवलं. पुण्यातली पेशवाई संपली.

तहात जालन्याचं नाव

असईनंतर नोव्हेंबरमध्ये अकोल्याकडे अडगावला लढाई झाली, डिसेंबरमध्ये चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. मग दोन तह झाले. 17 डिसेंबर 1803 ला देवगावला भोसल्यांशी. त्यांनी ओडिशातला कटकचा मुलूख आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला. आणि 30 डिसेंबरला अमरावतीकडच्या अंजनगाव सुर्जीला शिंद्यांशी. त्यांनी गंगा-यमुनेमधला मुलूख, भडोच, अहमदनगर सोडलं. आणि त्याच तहात आपलं नाव आहे. अजिंठ्याच्या डोंगरांच्या दक्षिणेला गोदावरीपर्यंतचा शिंद्यांचा मुलूख, त्यात जालनापूरचा किल्ला आणि परगणा, गंगापूरसुद्धा.

कंपनीनं वऱ्हाड आणि जालन्याकडचा हा मुलूख 1804 मध्ये आपल्या दोस्ताला, म्हणजे निजामाला दिला. मावशी, जालना निजामाकडे गेलं ते असं. आपल्या कुणाला कुणी विचारलं नाही. लढले तिघे, कागद केला दोघांनी, आणि आपण वाटणीत एखाद्या भांड्यासारखे इकडून तिकडे गेलो.

आता निजाम जिंकला असं वाटेल. पण बलवानाच्या मागे उभं राहण्याची किंमत नंतर कळते. कंपनीच्या पद्धतीनं ठेवलेल्या फौजेचा खर्च निजामाच्या माथी. पैसा नाही, मग कर्ज. कर्ज फेडायला दुसरं कर्ज. आपल्या गावात एका फायनान्सचा हप्ता फेडायला दुसरीचं कर्ज काढणाऱ्या बाया मी पाहिल्यात, तसंच हे. जालन्याला कंपनीच्या फौजेची छावणी पडली. आपल्या जालन्यात सदर बाजार आहे ना? हे नाव देशभर जिथं जिथं छावण्या होत्या तिथं सापडतं. शेवटी 1853 मध्ये फौजेच्या थकबाकीपोटी निजामाला वऱ्हाड कंपनीच्या हवाली करावं लागलं. 1803 चं बक्षीस पन्नास वर्षांत सावकारानं परत नेलं.

आणि इथं मावशीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं, जालना निजामाकडेच राहिलं. म्हणून जिजाऊंचं सिंदखेडराजा आणि देऊळगाव राजा वऱ्हाडात, आणि जालना "मोगलाईत". आपल्या आज्या असंच म्हणायच्या ना, "लेक मोगलाईत दिली"? 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं तोवर ती रेघ तशीच राहिली. दरवर्षी 17 सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन पाळतो. त्यानंतर सहाच दिवसांनी, 23 सप्टेंबरला, असईच्या लढाईची तारीख येते. ती कुणाच्या लक्षात नसते.

आजही तेच चाललंय

मैत्रिणींनो, ही नुसती जुनी गोष्ट नाही. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियानं शेजारच्या युक्रेनवर मोठा हल्ला केला. आठवतं का, त्या उन्हाळ्यात सूर्यफुलाचं तेल कसं कडाडलं होतं? आपण बाहेरून आणायचो त्यातलं बरंचसं सूर्यफूल तेल युक्रेनचं होतं. त्याच खरिपात डीएपीची गोणी 1200 वरून 1350 रुपयांवर गेली. जागतिक बाजारात खताचे आणि गॅसचे भाव भडकले, त्यात ही लढाई एक मोठं कारण होती.

शेजाऱ्यांनी काय केलं बघा. फिनलंडची रशियाला लागून तेराशे किलोमीटरहून लांब सरहद्द आहे. कित्येक वर्षं तो देश कुठल्याही लष्करी गटात नव्हता. हल्ला बघून तो घाबरला आणि एप्रिल 2023 मध्ये अमेरिका-युरोपच्या नाटो गटात गेला. मार्च 2024 मध्ये स्वीडन गेला. खर्ड्यानंतर निजाम जसा लांबच्या बलवानाकडे गेला, तसंच. बेलारूस रशियाच्या मागे उभा राहिला. कझाकस्तान दोघांशीही बोलणं ठेवून आहे. आणि आपला भारत लांबचा, त्यानं कुणाची बाजू उघड न घेता रशियाचं स्वस्त तेल भरपूर घेतलं आणि लढाई थांबवा असंही सांगितलं.

म्हणजे नमुने तेच. कुणी छत्र शोधतो, कुणी मागे उभा राहतो, कुणी बाजूला बसून हिशेब करतो. आणि हल्ला करणारा शेजाऱ्यांना दूर ठेवायला निघतो, तेव्हा बरेचदा तेच शेजारी त्याच्या शत्रूच्या दारात जाऊन बसतात. असं दरवेळी होतंच असं नाही. कंपनीच्या बाबतीत उलटं झालं, एकेकजण तिच्याकडेच गेला. का? कारण त्या शेजाऱ्यांचा एकमेकांवर तिच्याहूनही कमी भरवसा होता.

आपण काय घ्यायचं?

मला तीन गोष्टी लक्षात ठेवाव्याशा वाटतात. एक, आज ज्याला मारून खूश होतो, तो उद्या कुणाच्या आसऱ्याला जाईल याचा विचार आधी करावा. दोन, रक्षण करतो म्हणणाऱ्याला पगार कोण देतं आणि तो हुकूम कुणाचा मानतो, हे विचारल्याशिवाय सही करू नये. अंगठा तर नाहीच नाही. तीन, शेजाऱ्याची पाळी आली तेव्हा बघत बसलं, तर आपल्या पाळीला कुणी येत नाही. आपल्या गटात एकीचा हप्ता थकला की बाकीच्या जणी चर्चेला बसतो, तिला वाळीत टाकत नाही, ते याचसाठी.

पुढच्या बैठकीत दहा मिनिटं काढा. घरातल्या वडीलधाऱ्या बायांना विचारा, मोगलाईतल्या काय आठवणी ऐकल्यात. आणि घरात उर्दू किंवा मोडीतले जुने कागद असतील तर फेकू नका. ते चुलीत घालू नका, पेटीच्या तळाशी घडी मोडेपर्यंत ठेवूही नका. प्लास्टिकच्या पिशवीत सपाट ठेवा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

मावशीचा कागद आम्ही एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडून वाचून घेतला. त्यांनी चष्मा पुसून सावकाश एकेक ओळ वाचली आणि मराठीत सांगितली. सासऱ्याच्या वडिलांचं नाव आहे, गावाचं नाव आहे, शेताच्या चारही दिशांचे शेजारी आहेत. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, उत्तरेला ओढा. वारसनोंद अजून व्हायची आहे, फेऱ्या चालू आहेत. पण मावशी म्हणाली, "राज्यं आली अन् गेली, माझ्या बांधाचे शेजारी तेवढे तेच राहिले बघ."

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.